चेनसॉच्या सिलिंडरमधील दारांचे गणित

अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील जंगलांत मोठे वृक्ष तोडणाऱ्या कामगारांमध्ये, तसेच लाकूडतोडीच्या स्पर्धांमध्ये, चेनसॉच्या सिलिंडरमध्ये फेरफार करण्याची पद्धत चांगलीच रुजलेली आहे. या टू-स्ट्रोक इंजिनात वेगळ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील ‘पोर्ट’ नावाची दारे पिस्टनच वरखाली होताना उघडतो आणि मिटतो, त्यामुळे या दारांची उंची आणि रुंदी इंजिनाचा स्वभाव ठरवते. एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या दाराची, वरची कड घासून उंच केल्यास जळलेला वायू लवकर निघून जातो आणि जास्त फेऱ्यांवर शक्ती वाढते. मात्र पिस्टनला ढकलणारा दाबही लवकर संपत असल्याने कमी फेऱ्यांवरची ओढ घटते, आणि जाड ओंडक्यात लांब पाते चालवताना नेमकी तीच हवी असते.

म्हणूनच जाणते कारागीर आधी सिलिंडरची बैठक लेथवर उतरवून पिस्टनचा माथा आणि ज्वलनकक्षाची कड यांतील ‘स्क्विश’ ही फट सुमारे ०.५ मिलिमीटरवर आणतात, ज्यामुळे मिश्रण अधिक दाबले जाते. सिलिंडर खाली आल्याने सर्व दारेही खाली सरकतात, तेव्हा त्यांची वेळ पुन्हा मोजून साधावी लागते. घासलेल्या कडांची धार मोडली नाही, तर पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटू शकते. अखेरीस, कार्बोरेटरमधील इंधनाचे प्रमाण नव्याने जुळवल्याशिवाय असे इंजिन पूर्ण वेगाने चालवू नये. इंधन-तेल कमी पडल्यास पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो.