भेगेचं शेपूट

भाच्याच्या गॅरेजात माझी जागा ठरलेली आहे. शटरच्या आत डाव्या हाताला, कंप्रेसरच्या मागं एक लोखंडी स्टूल आणि भंगारातून आणलेला शाळेचा बाक. त्या बाकावर स्कूटरची तुटकी पॅनेलं, मोटरसायकलीचे वायझर, कारचे बंपर आणि कधीमधी शेजारणीची बादली येऊन पडते. मी त्यांना टाके घालतो. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना. भाचा म्हणाला, "मामा, नुसतं बसायचंच हाय तर माझ्याकडं येऊन बसा की." तेव्हापासून पोरांचा, गिऱ्हाइकांचा, समोरच्या चहावाल्याचाही मी मामा झालो.

टाके म्हणजे अगदी शब्दशः टाके. पोरांच्या खेळण्यातल्या पिस्तुलासारखं एक यंत्र असतं, हॉट स्टेपलर म्हणतात त्याला. नळीच्या जागी दोन धातूची टोकं. त्यांत नागमोडी वळवलेला स्टीलच्या तारेचा तुकडा खोचायचा आणि खटका दाबायचा. दोन-तीन सेकंदांत तार लालसर होते. तडकलेल्या प्लॅस्टिकवर ती आडवी टेकवली, की काहिलीतल्या गुळात काडी बुडावी तशी आत जाते. खटका सोडला की भोवतीचं प्लॅस्टिक थिजतं आणि तार भेगेच्या दोन्ही अंगांना धरून तिथंच राहते.

आत फार मोठी करामत नाही. भिंतीतली २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मर अगदी थोड्या व्होल्टवर आणतो, पण प्रवाह मात्र दणकून सोडतो. तांब्याची जाड वायर तो मुकाट्यानं वाहून नेते. स्टेनलेस स्टील विजेला तांब्याच्या सुमारे चाळीसपट अडवतं, त्यात तार मिलिमीटरभरही जाड नाही. सगळा ताप तिथंच एकवटतो. शिवाय गरम झाल्यावर स्टीलपेक्षा प्लॅस्टिक कित्येक पट जास्त फुगतं, आणि निवताना तेवढंच आकसतं. आकसताना ते तारेला आवळून बसतं.

आमच्याकडं धंद्याचे दिवस म्हणजे गळीत हंगाम. रात्रीच्या अंधारात उसाची ट्रॉली उभी, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. स्कूटर हळू असली तर माणूस खरचटण्यावर सुटतो आणि पुढचं पॅनेल फुटतं. बऱ्याचदा फुटतो तो नुसता कान, म्हणजे स्क्रू बसतो ते एवढंसं बोंड. पण दुकानात कान सुटा मिळत नाही. अख्खं पॅनेल घ्या, रंग जुळवून घ्या, आणि मॉडेल जुनं असेल तर हात हलवत परत या. गिऱ्हाईक आधी घरी गम लावून बघतंच. गम बोंडावर कडक होतो, चार दिवस धरतो आणि पहिल्या खड्ड्यात पापुद्र्यासारखा सुटतो. त्यात गमाचा फारसा दोष नाही. बंपरचं, बादलीचं प्लॅस्टिक मुळात असं तुळतुळीत असतं, की त्यावर काही चिकटायलाच मागत नाही.

म्हणून माल ओळखणं पहिलं. पॅनेल उलटं केलं की आतल्या अंगाला दोन बाणांच्या कंसात अक्षरं छापलेली असतात. एबीएस असेल तर माझं मन हलकं होतं. स्कूटरची रंगीत पॅनेलं बहुतेक त्याचीच. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बादल्या, डबे, बॅटरीची खोकी त्याची. कारच्या बंपरवर त्यातच पुढं ईपीडीएम आणि टी-२० असं काहीबाही असतं, म्हणजे रबर मिसळलंय आणि शंभरात वीस भाग टाल्क, शंखजिरं, घातलंय. अक्षरं घासून गेली असतील तर कोपऱ्यातला कपचा पाण्यात टाकतो. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. टाल्क घातलेला बंपर मात्र इथं फसवतो, तोही बुडू शकतो. मग नातीच्या नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब लावतो. त्यातल्या ॲसिटोननं एबीएस चिकट होतं, पीपीला ढिम्म काही होत नाही. तीच बाटली पुढंही उपयोगी पडते. एबीएसचे कपचे ॲसिटोनमध्ये रात्रभर मुरवले की खळीसारखा लगदा होतो, तो टाक्यांवर आतून फासायला उत्तम. नात म्हणते, आजोबा, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागतंय.

एकदा बायकोनं कुकरची तुटलेली मूठ पिशवीतून पाठवली. मीही खुळ्यासारखा त्यावर टाका टेकवला. तार लाल झाली, मूठ करपली, घाण वास सुटला, टाका रेसभरही आत गेला नाही. मूठ बॅकेलाईटची. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली अमेरिकेत हे प्लॅस्टिक काढलं, आणि त्याची खोड अशी की एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा पातळ होत नाही. गूळ वितळतो, थिजतो, परत वितळतो. भाकरी एकदा भाजली की तिचा पुन्हा पिठाचा गोळा होत नाही. आपलं यंत्र गुळाच्या जातीसाठी आहे. संध्याकाळी येताना नवी मूठ घेऊन आलो. ही म्हणाली, "चाळीस वर्षं मशिनवर काढली म्हणं."

आता मुख्य गोष्ट, जी या यंत्राच्या खोक्यावर कुठंच लिहिलेली नसते. ती मला वडलांनी शिकवली, आणि त्यांनी प्लॅस्टिकला आयुष्यात कधी टाका घातला नाही. ते फौंड्रीत मोल्डर होते. ऑईल इंजिनाचा बिडाचा ब्लॉक तडकला तर त्याला वेल्डिंग करणं जिकिरीचं. बीड निवताना वेल्डच्या शेजारीच दुसरी भेग जाते. म्हणून थंडच शिवायचं: भेगेवर आडवी भोकं पाडायची आणि त्यांत स्टीलचे तुकडे ठोकून बसवायचे. त्याआधी वडील भेगेवर रॉकेल चोळायचे, फडक्यानं पुसायचे आणि वर खडूची पूड भुरभुरायचे. थोड्या वेळानं आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपायचं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटायची. डोळ्याला बोटभर दिसणारी भेग तिथं वीतभर निघायची. "दिसती तेवढीच नसती भेग," ते म्हणायचे, "तिचं शेपूट हुडीक आधी." शेपटाच्या टोकावर एक भोक मारायचं. भेगेच्या अणकुचीदार टोकाशी सगळा ताण गोळा होतो. गोल भोकाच्या कडेवर तो पांगतो आणि भेग पुढं सरकत नाही.

प्लॅस्टिकला रॉकेल लावत नाही मी. बॅटरीच्या उजेडात पॅनेल हलकं वाकवतो. एबीएसवर ताण आला की तिथं पांढुरकी छटा येते, भेगेच्या पुढंही बोट-दीड बोट. तिच्या पलीकडं तीन मिलिमीटरचं ड्रिल मारतो. त्यानंतरच यंत्राला हात.

पॅनेल धुऊन कोरडं करायचं, तुटक्या कडा एकमेकींत बसवायच्या, सोल्डरिंग आयर्ननं दोन ठिकाणी टिपायच्या. टाके नेहमी आतल्या बाजूनं, भेगेला आडवे, साधारण सेंटिमीटरभर अंतरानं, आणि सगळे एका दिशेला नाहीत तर एक असा कलता, एक तसा. नागमोडी तार सपाट जागेला, कोपऱ्यासाठी व्ही आकाराची. टाका टेकवला की हाताला कळतं. आधी तार अडते, मग प्लॅस्टिक एकदम मऊ वाट देतं. पाठ प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाखाली जेमतेम गेली की खटका सोडायचा आणि थांबायचं. नवी पोरं इथं चुकतात. खटका दाबूनच यंत्र उचलतात, आणि टाका चीजसारखी तार काढत बाहेर येतो. खटका सोडून मी मनात दहापर्यंत मोजतो, हात दगडासारखा. मग यंत्र सरळ मागं ओढायचं. उभे राहिलेले दोन पाय निवल्यावर साईड कटरनं छाटायचे. निवल्यावर, हे दोनदा सांगतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. बाहेरून भेगेवर चर पाडून त्याच जातीचं प्लॅस्टिक वितळवून भरायचं, पॉलिश पेपर मारायचा, पुढचं पेंटरचं काम. आणि हे सगळं पंख्याखाली, दार उघडं ठेवून. पीव्हीसी तापलं तर आम्लाचा धूर सोडतं, त्याला मी यंत्र लावतच नाही.

पहिल्या महिन्यात जवळच्या शाळेतल्या एका बाईंची निळी स्कूटर आली होती. मी हाताला लागलं ते ०.८ मिलिमीटरच्या तारेचं पाकीट उघडलं आणि उत्साहात दाबत गेलो. पॅनेलची जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. आतून शिलाई झकास. सुलट केलं तर निळ्या रंगावर ओळीनं सहा पुटकुळ्या. बाई म्हणाल्या, "मामा, हिला तारुण्यपीटिका आल्या." रंगाचे पैसे मी दिले. आता पातळ पॅनेलला ०.६ चीच तार, आणि ती निम्म्या जाडीपर्यंतच.

नात चित्रकलेच्या कॉलेजात आहे. ही फजिती ऐकून तिनं एक फोटो दाखवला. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक जुना चिनी वाडगा आहे, पाणीदार हिरवट रंगाचा. पंधराव्या शतकात तो जपानचा शोगुन आशिकागा योशिमासा याच्याकडं होता. त्याला भेग गेली, तेव्हा त्यानं तो चीनला पाठवून तसलाच दुसरा मागितला. आता असलं काम होत नाही, म्हणून कारागिरांनी त्यालाच लोखंडी टाके मारून परत धाडला, अशी कथा सांगतात. टाके टोळासारखे दिसतात म्हणून वाडग्याचं नाव बाकोहान. चीनमधले टाकेवाले चिनी मातीत भोक पाडतात ते आरपार जाऊ न देता. मी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. रंग न लावता टाके मिरवणारं गिऱ्हाईक मला एकही भेटलेलं नाही.

काही कामं मी परत पाठवतो. पेट्रोलची टाकी नाही. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी नाही. तिच्यात गरम पाणी दाबाखाली असतं. मागं एक पोरगा तडकलेलं हेल्मेट घेऊन आला, आयएसआय शिक्क्याचं, चांगलं महागातलं. म्हणाला, बाहेरून दोन टाके मारा. मी त्याला आतलं थर्माकोल दाबून दाखवलं. ते एकदाच चेपायचं असतं, डोक्याचा मार आपल्यावर घेऊन. त्याचं चेपून झालं होतं. बाहेरच्या कवचाला शिवून काय करणार? पोरगा रुसला, म्हणाला पलीकडचा मारून देतो. म्हटलं, त्यानं दिलं तर त्याच्याच डोक्यावर घाल.

परवा त्याच बाई परत आल्या. स्कूटर तीच, पुन्हा ट्रॉली. पॅनेल उतरवलं. माझे जुने सहा टाके जागच्या जागी होते, घट्ट. नवी भेग त्यांच्यापासून दोन बोटं सोडून खाली गेली होती, सरळ त्या वेळी मी न मारलेल्या भोकाच्या जागेतून. बाईंना त्यातलं काही सांगितलं नाही. बॅटरी लावली, पॅनेल वाकवलं आणि पांढरी छटा कुठवर जातेय ते बघत बसलो.

"मामा," बाई म्हणाल्या, "या खेपेला पुटकुळ्या नकोत हं."

मी ड्रॉवरमधून ०.६ चं पाकीट काढून त्यांच्यासमोर बाकावर ठेवलं, आणि पोराला ड्रिल आणायला पाठवलं.