सिलिंडर घरात आहे, मग चूल का पेटते?

मोमिनपुरा असो, टेका असो की हसनबाग, नागपूरच्या आपल्या वस्त्यांत गॅसचे कनेक्शन आता नवलाईचे राहिलेले नाही. तरीही अनेक घरांच्या मागल्या अंगणात चूल टिकून आहे. आंघोळीचे पाणी, डाळ आणि पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक सरपणावर होतो. ‘बायकांची जुनी सवय’ म्हणून हा प्रश्न सहज निकालात काढला जातो. आम्हाला ते पटत नाही. सरकारी सवलत केव्हा आणि कशी हाती पडते, यावरच घरात कोणते इंधन जळणार हे ठरते.

रेशनच्या रॉकेलचेच पाहा. मिट्टीच्या तेलाची सवलत भावातच असायची. दुकानात स्वस्त भाव मोजला की काम झाले. हाती पैसे कमी असतील तर लिटरभरच आणता येई. 2016 पासून दर पंधरवड्याला 25 पैशांनी भाव वाढवत केंद्राने मार्च 2020 पर्यंत ही सबसिडी संपवली. धूर आणि भडक्याचा धोका पाहता रॉकेल गेले ते बरेच झाले. पण थोडे थोडे घेता येणारे इंधनही त्याबरोबर गेले.

गॅसची रीत वेगळी. जानेवारी 2015 पासून देशभर सबसिडी थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. काळाबाजार रोखण्यासाठी हे योग्यच होते. मात्र पूर्ण किंमत आधी ग्राहकाने मोजायची, असा नियम झाला. मे 2020 नंतर सर्वसाधारण ग्राहकांची सबसिडी जवळजवळ बंदच झाली.

1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरातील स्त्रीच्या नावावर कनेक्शन दिले. मे 2022 पासून उज्ज्वलाच्या प्रत्येक सिलिंडरमागे 200 रुपये आणि ऑक्टोबर 2023 पासून 300 रुपये मिळू लागले. 2025-26 साठी वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत ही सवलत मंजूर झाली. प्रत्यक्षात या कुटुंबांनी 2019-20 मध्ये सरासरी तीन आणि 2024-25 मध्ये 4.47 सिलिंडर घेतले. म्हणजे सुमारे 82 दिवसांना एक! पाच माणसांच्या घरात 14.2 किलोचे सिलिंडर महिना-दीड महिनाच पुरते. उरलेल्या दिवसांचा स्वयंपाक कशावर होतो, हे सांगायला नको.

आकडा वाढला, यावरून सवलतीचा उपयोग होतो हे दिसते. तरी मंजूर नऊपैकी जेमतेम निम्मीच घेतली जातात. कारण उघड आहे. रोजंदारीवरच्या घरात सिलिंडरची पूर्ण किंमत एकरकमी निघणे कठीण. तीनशे परत येतील, पण नंतर. रमजानमध्ये सहर आणि इफ्तार दोन्हींचा स्वयंपाक असतो, तेव्हा तर सिलिंडर आणखी लवकर संपते.

महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून उज्ज्वला आणि लाडकी बहीण लाभार्थींना वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. अट अशी की कनेक्शन स्त्रीच्या नावावर हवे. आपल्या कितीतरी घरांत ते वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर आहे. शिवाय ‘मोफत’ सिलिंडरचे पैसेही खात्यातच येतात.

म्हणून वाचक भगिनींनी काही गोष्टी आजच पाहाव्यात. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे? बँक खाते आधारशी जोडलेले आहे का? एजन्सीकडची ई-केवायसी झाली आहे का? एकरकमी पैसे जमत नसतील तर पाच किलोच्या सिलिंडरची चौकशी करावी. उज्ज्वलामध्ये तो पर्याय आहे.

सरकारकडेही आमचे एकच मागणे आहे. सवलत वजा करूनच दारात पैसे घ्यावेत. चुलीचा धूर आईच्या आणि तिच्या कडेवरच्या बाळाच्या छातीत जातो. तो धूर खात्यात पैसे जमा होण्याची वाट पाहत नाही.