हात लावल्याशिवाय कळत नाही

वस्तुसंग्रहालयात शाळेची सहल शिरली की मुलांना दिसणारी पहिली पाटी ठरलेली असते: ‘वस्तूंना हात लावू नये.’ पाटीमागचा हेतू चांगला आहे आणि कित्येक वस्तूंच्या बाबतीत तो योग्यही आहे. पण आपल्या गावाचा, पेठेचा, घराघरांतल्या रोजच्या जगण्याचा इतिहास मुलांपर्यंत पोचवायचा असेल, तर ही पाटी सरसकट लावून चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे. सरदाराची तलवार काचेआडून पाहिली तरी चालते, कारण तिची गोष्ट मुलाने आधीच ऐकलेली असते. जाते, मापटे, रवी, बोरू यांच्यामागे अशी गोष्ट नसते. त्यांचा अर्थ त्यांच्या वापरात असतो, आणि वापर थांबला की त्या मुक्या होतात. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाने मुलांच्या हाती वस्तू द्यायलाच हवी. ती सोय वेळ उरल्यास करायची गंमत म्हणून ठेवू नये; तो शिकवण्याचा मुख्य मार्ग मानला पाहिजे. या लेखात हेच म्हणणे पुराव्यानिशी मांडायचे आहे.

संग्रहालयाला आपल्याकडे पूर्वी ‘अजबखाना’ म्हणत. अजब ते पाहायला माणसे तिथे जात, आणि मांडणीही त्याच हिशेबाने होई. 1872 साली लोकांसाठी खुले झालेले भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबईच्या इतिहासाचे मोठे घर आहे. तिथल्या मातीच्या छोट्या मूर्तींतून जुन्या मुंबईतली माणसे आणि त्यांचे व्यवसाय दिसतात. पण दिसतात ते काचेतूनच. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी (1896–1990) वेगळी वाट धरली. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने दिवे, अडकित्ते, अंग घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी असे गोरगरिबांपासून श्रीमंतांपर्यंतच्या घरांतले सामान गोळा केले, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभारले. अडकित्ता हा इतिहासाचा पुरावा आहे, हे मराठी माणसाला पटवून देणारे हे थोर काम होते. त्या संग्रहात सुमारे 20 हजार वस्तू असल्याचे सांगितले जाते. त्यांतला लहानसा भागच एका वेळी मांडता येतो. मात्र केळकरांनी संग्रह सुरू केला त्या काळात पाहायला येणाऱ्याच्या घरीही जाते असे, अडकित्ताही असे. काचेआडची वस्तू कशी चालते हे त्याच्या हाताला ठाऊक होते. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला जाते हीच अजब वस्तू आहे. त्या मुलाच्या हाताला आधीची ओळख नाही, म्हणून ती करून देण्याची जबाबदारी आता संग्रहालयावर आली आहे.

जात्याचेच उदाहरण नीट पाहू. काचेआड ठेवलेले जाते म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन गोल दगड आणि एक लाकडी खुंटा. खालची पाटी सांगते: ‘धान्य दळण्याचे साधन.’ हे वाक्य खरे आहे, पण त्यातून काही कळत नाही. तेच जाते जमिनीवर मांडा, खाली कापड पसरा, सुपात मूठभर ज्वारी द्या आणि मुलाला बसवा. पहिल्यांदा त्याला कळते ते असे, की कसे बसायचे हेच आपल्याला येत नाही. एक पाय लांब, एक दुमडलेला, हात खुंट्याला, आणि दुसऱ्या हाताने थोडी थोडी वैरण घालायची. वैरण जास्त झाली की पीठ भरड येते. कमी झाली की दगडावर दगड घासून कर्कश आवाज निघतो. पाच मिनिटांत खांदा भरून येतो आणि कापडावर पीठ पडलेले असते चिमूटभर. शेजारच्या मुलीने खुंट्याला हात लावला की मात्र जाते हलके फिरू लागते, आणि दळायला दोघी का बसत, हे सांगावे लागत नाही. वरची तळी उचलून दाखवली की दगडाला पाडलेल्या टाक्यांच्या खुणा दिसतात. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ निघत नाही. म्हणून जात्याला टाकी लावणारे दारोदार फिरत. एका दगडातून घरातली बाई, तिची जाऊ, दारावरचा कारागीर आणि शेतातली ज्वारी, एवढी माणसे आणि गोष्टी बाहेर येतात.

आणि त्याच दगडातून ओवी बाहेर येते. पहाटे दळताना बायकांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून गोळा केल्या. ती संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर हा ठेवा लोकांसाठी खुला होत आला आहे. या ओव्यांत सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, विठ्ठल आहे, आंबेडकर आहेत. पुस्तकात वाचली की ओवी कविता वाटते. हात खुंट्यावर असताना ऐकली की तिची लय जात्याच्या फेऱ्याशी जुळताना जाणवते, आणि ज्या बाईला दिवसभरात मन मोकळे करायला दुसरी जागा नव्हती, तिचे ते बोलणे होते, हे लक्षात येते.

दुसरे उदाहरण मापांचे. जुन्या कोष्टकात दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर. फळ्यावर लिहिले की ही नावे पाठ करायची शिक्षा वाटते. हीच मापे आणि टोपलीभर धान्य मुलांसमोर ठेवले, तर भरता-ओतता मुले स्वतःच शोधून काढतात की प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट आहे, आणि शेरात 16 निळवी बसतात. रुपयाचे आणेही 16 होते. हा योगायोग नाही. ढिगाचे डोळ्यांच्या अंदाजाने दोन सारखे वाटे करणे कुणालाही जमते, अक्षरओळख नसली तरी. दहा वाटे करायला गणित लागते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांत चालणारी आपली बोली आणि पावकी-निमकीचे पाढे याच व्यवहारातून आले. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, 1958 पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि हे सगळे एका पिढीत मागे पडले. भाषेत मात्र ‘सोळा आणे खरे’ आणि ‘पायलीचे पन्नास’ अजून शिल्लक आहेत. चौथीतल्या मुलाने मापे हाताळल्यावर हे वाक्प्रचार त्याच्यासाठी अर्थपूर्ण होतात, आणि रोज बोलतो त्या भाषेत इतिहास दडलेला आहे हेही त्याला उमगते.

हा विचार जगाला नवा नाही. स्वीडनमध्ये आर्टुर हाझेलियस यांनी 1891 साली स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ उभारले. देशभरातली जुनी घरे तिथे आणून मांडली आणि त्यांत जगणे, राबणे दाखवले. 1899 साली ब्रुकलिनला मुलांसाठीचे संग्रहालय सुरू झाले, 1913 साली बोस्टनला. बोस्टनच्या संग्रहालयाची सूत्रे 1962 साली मायकेल स्पॉक यांच्याकडे आली. लहानपणी त्यांना स्वतःला वाचनाची अडचण होती. शब्दांवाचून वस्तूंतून शिकणे काय असते हे ते जाणून होते. त्यांनी ‘आत काय आहे?’ अशा विषयाचे प्रदर्शन मांडले, रोजच्या वस्तू कापून, उघडून दाखवल्या आणि मुलांना त्या हाताळू दिल्या. शिवाय वस्तूंच्या पेट्या तयार करून त्या शाळांत पाठवल्या. जगभरातल्या मुलांच्या संग्रहालयांवर या प्रयोगांचा ठसा उमटला.

आपल्याकडेही याची मुळे आहेत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीचे महागडे साहित्य बाजूला ठेवून परिसरात मिळणारे शंख-शिंपले, बिया, दगड मुलांच्या हाती दिले. इतिहासाच्या बाजूने पाहिले तर वि. का. राजवाडे यांचे उदाहरण समोर आहे. गावोगाव पायपीट करून, घरोघरची दप्तरे धुंडाळून त्यांनी कागद मिळवले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. ‘साधने’ हा शब्द मोलाचा आहे. इतिहास ऐकून मानायचा नसतो, साधनांवरून सिद्ध करायचा असतो, हा राजवाड्यांनी घालून दिलेला धडा. ताराबाईंची पद्धत आणि राजवाड्यांची शिस्त एकत्र आणली की हाताळण्याचे स्थानिक संग्रहालय तयार होते.

यावर पहिला आक्षेप जतनाचा आहे आणि तो गंभीर आहे. घामातल्या क्षारांनी धातू गंजतो, कागद डागाळतो, जरीचे कापड विरते. शंभर मुलांचे शंभर हात लागले तर वस्तू टिकणार नाही, असे अभिरक्षक म्हणतात ते खरेच आहे. पण हा आक्षेप सगळ्या वस्तूंना सारखा लागू होत नाही. पेशवेकालीन पत्र, पैठणी, चित्र एकमेव असते. ते काचेतच राहिले पाहिजे. दगडी जाती, पाटे, उखळी मात्र आजही जुन्या घरांच्या परसात, वाड्यांच्या पडवीत बेवारस पडून आहेत. ती हाताने झिजायलाच घडवलेली आहेत. संग्रहालयाने दोन वेगळे संच करावेत: एक जपण्याचा, एक हाताळण्याचा. दुसऱ्या संचात एकसारख्या अनेक प्रती असलेल्या वस्तू आणि कारागिरांकडून मुद्दाम करून घेतलेल्या प्रतिकृती असाव्यात. हाताळण्याचे जाते झिजले तर टाकी लावायला माणूस बोलवावा. मुलांनी तेही पाहावे.

दुसरा आक्षेप असा, की हा खेळ झाला, इतिहास कुठे झाला? मुले जाते फिरवतील, हसतील आणि डबा खायला पळतील. नुसती वस्तू हाती देऊन थांबले तर असेच होईल, हे मान्य केले पाहिजे. स्पर्शाला प्रश्नाची जोड हवी. मापे भरून झाल्यावर विचारावे: एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराएवढाच असेल कशावरून? जुनी मापे प्रांताप्रांतांत वेगळी होती, हे कळले की मूल पुढे विचारते, मग व्यापारी काय करत असतील, सारा कसा मोजत असतील, फसवणूक होत असेल का? पुराव्यावर शंका घेणे हीच इतिहासाची पहिली पायरी आहे, आणि हाताने मोजून पाहिलेले मूल ती सहज चढते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जाते, चूल, रहाट मांडून आपण जुन्या काळाचे गोडवे तर गात नाही ना? त्या दगडामागे बाईची पहाट मोडली, आणि गावगाड्यातल्या वस्तूंना जातीची उतरंड चिकटलेली होती. हे लपवले तर संग्रहालय खोटे बोलेल. पण हा आक्षेप हाताळण्याच्या विरुद्ध जात नाही. उलट त्याला सर्वांत खरे उत्तर हातच देतो. खांदा दुखल्यावर जात्याचे गोडवे गाणे अवघड जाते. आणि स्पर्श हाच तर आपल्या सामाजिक इतिहासाचा कळीचा मुद्दा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह सत्याग्रह करावा लागला. पोहरा आणि घागर मुलांच्या हाती देताना शिक्षकाने विचारायला हवे: या पोहऱ्याला हात लावायचा हक्क तेव्हा कुणाला होता, कुणाला नव्हता? वर्गातली सगळी मुले एकाच दोराला हात लावून पाणी ओढत असताना विचारलेला हा प्रश्न पुस्तकातल्या धड्यापेक्षा खोल जातो.

राहिला व्यवहाराचा प्रश्न: पैसा, मनुष्यबळ आणि सहलीचा एकच दिवस. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने 2019 साली मुलांसाठी वेगळे संग्रहालय सुरू केले आणि त्याच्या मांडणीत मुलांनाच सहभागी करून घेतले. त्याआधीपासून त्यांचे बसमधले फिरते संग्रहालय शाळांच्या दारी जाते. एवढा खर्च प्रत्येक तालुक्याला पेलणारा नाही. पण एक जाते, मापांचा संच, बोरू-दौत, धूळपाटी, चार जुनी नाणी, ताकाची रवी आणि गावाचा जुना नकाशा, एवढे सामान एका खोलीत किंवा दोन पेट्यांतही मावते. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्ह्याची ओळख आहेच. त्या धड्यांना ही पेटी जोडली तर नवा अभ्यासक्रम करावा लागणार नाही. सांगायला पदवीधर मार्गदर्शक हवा असेही नाही. ज्यांनी वीस-वीस वर्षे दळले अशा आज्या, ज्यांनी आणे-पैचा हिशेब केला असे आजोबा अजून गावोगाव आहेत.

म्हणूनच हे काम आजच करायला हवे. जाते उद्याही मिळेल, दगडाला घाई नाही. पण खुंटा कसा धरायचा, वैरण किती घालायची, कोणत्या फेऱ्याला ओवी उचलायची, हे दाखवणारे हात आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शाळांनी, ग्रामपंचायतींनी, छोट्या-मोठ्या संग्रहालयांनी या दिवाळीच्या सुट्टीनंतर निदान एक खोली उघडावी, तिच्यातल्या जात्याशेजारी त्या आजीला बसवावे आणि दारावर पाटी लावावी: ‘इथे वस्तूंना हात लावावा.’