रामटेकचें पाणी आणि रामटेकचे बोळ

नागपूर शहरापासून कोणत्याही दिशेस निघालें तरी समुद्र ५०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मुंबईच्या बिऱ्हाडकरूस शनिवारीं सायंकाळीं वाळूंत जाऊन बसतां येतें आणि रविवारीं सकाळीं गिरगांवचे बोळ हिंडतां येतात. पाण्याचा निवांतपणा आणि वस्तींतली वर्दळ हीं दोन्ही सुखें त्याला एकाच तिकिटांत लाभतात. नागपूरकराच्या पत्रिकेंत हा योग नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तितकीशी खरी नव्हे. शहराच्या ईशान्येस सुमारें ५० किलोमीटरांवर रामटेक आहे. तेथें गडाच्या पायथ्याशीं जुनें तळें आहे, थोड्या अंतरावर क्षितिजापर्यंत पसरल्यासारखा वाटणारा एक मोठा जलाशय आहे, आणि जवळच एक जुनें, बोळाबोळांचें गांव आहे.

रामटेकला जाणारांची वाण कधींच पडली नाहीं. प्रश्न आहे तो जाण्याच्या रीतीचा. सकाळीं गाडी गांठावयाची, मोटारीनें अथवा पायऱ्यांनीं गड चढावयाचा, घाईघाईनें दर्शन घ्यावयाचें, वानरांपासून पिशव्या सांभाळीत खालीं उतरावयाचें, एखाद्या झाडाखालीं रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत करावयाचा, आणि दिवेलागणीस पुन्हां घरीं! या सहलीस विश्रांति असें नांव दिलें जातें. परंतु ही विश्रांति नेमकी कोणास मिळते? पुरुष मंडळी सावलींत पत्ते कुटतात, मुलें धुडगूस घालतात. आणि घरची गृहिणी, जी पहाटें उठून कणीक मळून आलेली असते, ती गोवऱ्यांच्या धुरापुढें डोळे पुशीत बसते. तिच्या दृष्टीनें पाहिलें तर फक्त चूल तेवढी हललेली असते. सुशिक्षित घरांनीं या गोष्टीचा विचार करणें अगत्याचें आहे, कारण आपल्या समाजांत यात्रा ही पिढ्यान्‌पिढ्या बायकांची एकमेव सुटी होती, आणि तींतूनही स्वयंपाक सुटला नाहीं.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. एका दिवसाच्या जागीं दोन रात्रींचा मुक्काम करावा, शिधा घरीं ठेवावा, आणि क्रम उलटा धरावा: आधीं पाणी, मग गड, शेवटीं गांव. रामटेकांत धर्मशाळा आहेत, राहण्याच्या इतरही जागा आहेत, खाणावळी आहेत. इतवारी स्थानकावरून रामटेकची गाडी मिळते. मोटारीनें जाणारास कामठी, कन्हान आणि मनसर असा सरळ रस्ता आहे.

पहिल्या दिवशीं दुपार कलल्यावर पोंचावें आणि सामान टाकून खिंडशी तलावाचा कांठ गांठावा. हा तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागांत सूर नदीवर मातीचें धरण घालून निर्माण झाला. कांठावरून पाहतां समोरच्या टेकड्या पाण्यांत उतरल्यासारख्या दिसतात आणि वारा सुटला म्हणजे लाटाही उठतात. मात्र भरती नाहीं, ओहोटी नाहीं, खारा वास नाहीं. समुद्राशीं याची तुलना करीत बसणारा मनुष्य येथें निराश होईल. तळ्याचें सुख निराळें आहे. समुद्र सारखा गाजत असतो आणि माणसाला बोलूं देत नाहीं. तळें गप्प असतें, म्हणून कांठावर बसलेलीं माणसें हळूहळू एकमेकांशीं बोलूं लागतात. नौकाविहाराची सोय आहे. परंतु पोहण्याच्या भरीस पडूं नये. अशा जलाशयाचा उतार फसवा असतो, तळाशीं चिखल असतो आणि खोली पावलागणिक वाढते. मुलांना कांठावर एकटें सोडूं नये, हें सांगावयास नकोच.

एक गोष्ट मात्र या कांठावर बसतांना ध्यानांत असावी. खिंडशी तलाव कोणाच्या करमणुकीकरितां बांधलेला नाहीं. तो धानाच्या पिकासाठीं बांधला. पूर्व विदर्भांत धान हें पावसाच्या लहरीवर सोडून देण्याजोगें पीक नव्हे; रोवणीनंतर पावसानें ओढ दिली कीं बांध्यांना भेगा पडतात, आणि अशा वेळीं तलावाचें पाणीच उपयोगी येतें. म्हणून आश्विन-कार्तिकांत जें पाणी कांठोकांठ दिसतें, तें वैशाखांत दूर सरकलेलें असलें तर सहलीच्या मनुष्यानें कपाळास आठी घालूं नये. तें पाणी वाया गेलेलें नसतें. सहलीस उत्तम काळ दिवाळीनंतरचा. पाणी भरपूर, ऊन सौम्य, आणि हिंवाळ्यांत पाणपक्ष्यांची हजेरी.

याच सूर नदीविषयीं एक कथा गांवांत सांगतात. अठराव्या शतकांत नागपूरचे पहिले रघूजी भोसले यांनीं गडावरील राममंदिराचा जीर्णोद्धार केला. त्यांनीं जयपुराहून नव्या मूर्ति मागविल्या होत्या, पण दृष्टांतानुसार जुन्या मूर्ति सूर नदीच्या पात्रांत सांपडल्या आणि त्याच स्थापिल्या गेल्या, अशी ती आख्यायिका. तिचा खरेपणा तपासण्याचें साधन नाहीं. परंतु रामटेकच्या देवालाही पाण्यांतून वर यावें लागलें, ही कल्पना त्या गांवाला मोठी शोभणारी आहे.

दुसऱ्या दिवशीं सूर्योदयापूर्वीं अंबाळा तळ्यावर जावें. गडाच्या पायथ्याशीं हें तळें आहे; भोंवतीं घाट आणि लहानमोठीं देवळें. अंब नांवाच्या राजाचें कुष्ठ या पाण्यांत स्नान केल्यानें गेलें, अशी याची स्थलकथा आहे. आजही अनेक घराणीं अस्थिविसर्जनासाठीं आणि श्राद्धकर्मासाठीं या घाटांवर येतात. तेव्हां एका पायरीवर कोणी शोकांत बसलेलें असतांना शेजारच्या पायरीवर हास्यविनोद आणि छायाचित्रें चालावीं, हें बरें दिसत नाहीं. पहाटें येथें गलबला नसतो, गड पाण्यांत उलटा दिसतो, आणि पहिलें ऊन पडतांच खडक तांबूस होतो. या डोंगरास सिंदुरगिरि हें नांव कां पडलें, तें त्या घटकेस पुस्तकावांचून कळतें.

अंबाळ्याहून पायऱ्यांची वाट गडावर जाते. थंडीच्या सकाळीं ती चढणें कष्टाचें नाहीं. वृद्धांसाठीं गाडीरस्ता आहेच. वरचीं राम-लक्ष्मणांचीं देवळें, वराह, भैरव, गोकुळ या नांवांचे दरवाजे, यांची वर्णनें सर्वत्र मिळतात. येथें थांबावयाचें तें दोन साध्या दिसणाऱ्या देवळांपाशीं: केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. बहुतेक भक्त त्यांच्यापुढून नमस्कार करून पुढें जातात. तीं वाकाटककालीन, म्हणजे सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. १९८० च्या दशकांत केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा गिलावा काढला तेव्हां खालीं एक शिलालेख दिसूं लागला. लेख पुष्कळ झिजलेला आहे, तरी त्याचा संबंध राणी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याशीं आहे, हें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. आणि त्यांत सुदर्शन नांवाच्या तळ्याचाही उल्लेख येतो. देऊळ आणि तळें हीं दोन्ही एकाच पुण्याच्या खात्यांत जमा करण्याची रीत रामटेकांत इतकी जुनी आहे. पुढें यादव रामचंद्राच्या काळीं लक्ष्मणमंदिरांत जो लेख कोरला गेला, त्यांतही आसपासच्या तीर्थांचा निर्देश आहे.

प्रभावतीगुप्ता ही गुप्तसम्राट् दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशीं तिचा विवाह झाला. पति अकालीं वारला, मुलें लहान, आणि राज्याची धुरा तिच्याकडे आली. तिच्या रिद्धपूर येथें मिळालेल्या ताम्रपटांत रामगिरीच्या स्वामीच्या पायांचा निर्देश आहे. याच आधारावर आणि मेघदूतांतील मार्गवर्णनावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं कालिदासाचा रामगिरि म्हणजे रामटेकच, असें प्रतिपादन केलें. सरगुजा भागांतील रामगढ टेकडीचाही दावा आहे, आणि त्याचे कैवारी अजून आहेत. परंतु ताम्रपटाचा पुरावा रामटेकच्या बाजूनें इतका भक्कम आहे, कीं वाद मिटला नसला तरी पारडें कोणीकडे झुकलें आहे हें स्पष्ट दिसतें. गडावर कालिदासाचें स्मारक आहे, आणि १९९७ सालीं गांवांत कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झालें. आषाढाच्या आरंभीं येणारास ढगांखालीं उभें राहून ही सारी चर्चा विसरतां येते. मात्र तेव्हां छत्री विसरूं नये.

गड उतरल्यावर बहुतेक प्रवासी थेट स्थानकाचा रस्ता धरतात. रामटेक म्हणजे गड, आणि खालीं जें आहे तें गडावर जाण्याचें निमित्त, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः दुपारची झोंप काढून तिसऱ्या प्रहरीं गांवांत पायीं हिंडणें हा या मुक्कामाचा सर्वांत चांगला भाग आहे. गांधी चौकाच्या बाजारापासून निघावें आणि जो बोळ दिसेल त्यांत शिरावें. कवेलूंचीं छपरें, रस्त्यालगतच्या ओसऱ्या, मधूनच एखाद्या वाड्याचा कोरीव लांकडी खांब आणि त्याच्या शेजारीं काल उभें राहिलेलें सिमेंटचें घर. बोळ वळला कीं टोंकाशीं गड पुन्हां दिसतो, म्हणून वाट चुकण्याचें भय नाहीं. शांतिनाथाच्या जैनमंदिरांत उभी भव्य मूर्ति आहे. डोंगरावरील भोगराम हें स्थान महानुभाव पंथाचें. श्रीचक्रधर स्वामी गुजरातेंतून निघाले ते रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानें, असें लीळाचरित्र सांगतें. वाटेंत रिद्धपुरास त्यांना गोविंदप्रभु भेटले, आणि मराठी गद्याचा इतिहासच बदलला. एवढ्याशा गांवांत इतक्या पंथांची ये-जा आहे, हें गडावरून दिसत नाहीं, बोळांतूनच दिसतें.

गांवाची खरी ओळख मात्र पानवाल्याच्या टोपलींत आहे. रामटेकचीं विड्याचीं पानें पूर्वींपासून नांवाजलेलीं. पानमळा करणें हा बरई समाजाचा परंपरेचा उद्योग. नागवेल मोठी नाजूक. तिला कडक ऊन सोसत नाहीं, वाळका वारा सोसत नाहीं, आणि मुळाशीं पाणी सांचलें तरी ती कुजते. म्हणून मळ्याभोंवतीं कुडाचा आडोसा करावा लागतो, वेल आधारावर चढवून ठरावीक काळानें पुन्हां खालीं उतरवावा लागतो, आणि ओलावा दररोज राखावा लागतो. एका रात्रींत रोग पसरला तर वर्षाची मेहनत जाते. बरई लोक या वेलीस देवता मानतात, नागपंचमीस तिची पूजा करतात. मळ्यांत शिरतांना पायांतले जोडे बाहेर काढावे. हे मळे आतां पूर्वींइतके राहिलेले नाहींत. मजुरी वाढली, मुलें शिकून नोकरीस गेलीं, आणि पानाच्या ठेल्यावर कागदी पुड्यांनीं जागा घेतली. एखाद्या वृद्ध बरयास दोन प्रश्न विचारले तर तो पानें मोजतां मोजतां सारें सांगतो. फक्त त्याची मोजणी चुकेल इतकें बोलूं नये.

कार्तिकी पौर्णिमेस येथें मोठी यात्रा भरते आणि गडावर त्रिपुर पेटतो. तो सोहळा पाहण्याजोगा खरा, पण विश्रांतीसाठीं येणारानें ते दिवस टाळावे. जागा मिळत नाहीं आणि बोळ माणसांनीं भरून जातात.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं शक्ति उरली असेल तर दक्षिणेस कांहीं किलोमीटरांवर नगरधन आहे. भोसलेकालीन किल्ल्याच्या या परिसरांत वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी होती. २०१५ ते २०१८ या काळांतील उत्खननांत तेथें प्रभावतीगुप्तेच्या मुद्रेचा मातींतील ठसा मिळाला. गडावरील लेखांत भेटलेली राणी येथें तिच्या राजधानीच्या मातींत पुन्हां भेटते. परंतु घरचीं माणसें पुन्हां एकदां खिंडशीच्या कांठावर बसूं म्हणालीं, तर नगरधन पुढच्या खेपेस ठेवावें. किल्ला कोठें जात नाहीं.

परतण्यापूर्वीं पानांचा एक जुडगा घ्यावा. ओल्या सुती फडक्यांत गुंडाळून सावलींत ठेवलीं आणि फडकें रोज भिजवलें, तर पानें तीन-चार दिवस ताजीं राहतात; कोरड्या कागदांत बांधलीं तर नागपूर येईपर्यंत कडा सुकूं लागतात.