घरातील खरूज आणि उपचाराचे एकक : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतून अचानक केस गळण्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्या वेळी प्रारंभी पाणी, शाम्पू आणि बुरशी यांवर संशय घेतला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी करविलेल्या तपासण्यांमुळे गव्हातील सेलेनियमचे प्रमाण चर्चेत आले. प्रस्तुत लेखाच्या विषयाशी त्या घटनेचा प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि अंगावर दिसणारे लक्षण आणि त्यामागील कारण यांत किती अंतर असू शकते, हे त्या प्रसंगाने जिल्ह्याला जवळून दाखविले. कारण चुकीचे धरले की श्रम, पैसा आणि पाणी ही तिन्ही चुकीच्या ठिकाणी खर्च होतात. घराघरांत आढळणारी खरूज हे याचे जुने आणि नित्याचे उदाहरण होय.

खरूज झाली की घर धुवायला काढणे, गाद्या-गोधड्या बाहेर टाकणे, ज्याला खाज सुटते त्याच्याच अंगाला मलम लावणे आणि बाकीच्यांनी त्याच्यापासून दूर राहणे, हा सर्वसाधारण परिपाठ आहे. या परिपाठात कष्ट भरपूर असूनही खरूज महिन्याभरात परत येते. असे का घडते, याचे स्पष्टीकरण त्या जीवाच्या जीवनक्रमात सापडते. तेच येथे मांडावयाचे आहे.

रोगाचे नाव आणि रोगाचा जीव

बोलीभाषेत त्वचेच्या अनेक तक्रारी एकाच शब्दाखाली येतात. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा विकार आहे. इसब हा त्वचेचा दाह असून तो संसर्गजन्य नाही. खरूज मात्र एका सजीवाच्या प्रादुर्भावाने होते. हा जीव म्हणजे 'सार्कोप्टीस स्कॅबिआय' नावाची माइट. कीटकांना सहा पाय असतात, तर प्रौढ माइटला आठ, आणि म्हणून तिची गणना कोळ्याच्या वर्गात होते. वांगी-मिरचीवरील 'लाल कोळी' ज्या शेतकऱ्याने पाहिला आहे, त्याला हे नाते निराळे समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

खरजेची मादी सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांबीची, म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी असते. ती त्वचेच्या वरच्या थरात बीळ कोरीत पुढे सरकते आणि त्यात अंडी घालीत जाते. अंड्यातून तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर पडते आणि साधारण दोन आठवड्यांत ते प्रौढ होते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, कंबर, बेंबीचा भोवताल आणि जननेंद्रिये ही तिची आवडती ठिकाणे होत. तान्ह्या बालकांत तळहात, तळपाय आणि डोकेही त्यातून सुटत नाहीत. खाज रात्री वाढते.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. माइट अंगावर आली म्हणजे लगेच खाज सुटते असे नाही. खाज ही माइट, तिची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. प्रथमच प्रादुर्भाव झालेल्या व्यक्तीत ती निर्माण होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या वेळी मात्र एक ते चार दिवसच पुरतात. याचा अर्थ असा की, घरात एक मूल खाजवू लागते तेव्हा त्याच्या शेजारी झोपणारी आई, आजी किंवा भावंडे वरकरणी निरोगी दिसत असली तरी त्यांच्या त्वचेत माइट आधीच पोहोचलेली असू शकते. मलम केवळ मुलाला लागते. मूल बरे होते आणि त्याच अंथरुणातील माणसांकडून त्याला पुन्हा लागण होते. दोष औषधाला दिला जातो.

ज्ञानाचा वाकडा प्रवास

खरजेचे कारण जीव आहे, हे इटलीतील जोव्हानी कोझिमो बोनोमो आणि औषधविक्रेता जाचिंतो चेस्तोनी यांनी १६८७ मध्येच दाखवून दिले होते. फ्रान्चेस्को रेदी यांना लिहिलेल्या पत्रात बोनोमो यांनी या जीवाचे वर्णन केले आहे. एखाद्या रोगाचे सूक्ष्म सजीव कारण इतक्या स्पष्टपणे सांगितले जाण्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग मानला जातो. तरीही रक्तदोषाच्या जुन्या कल्पनेपुढे त्याचे फारसे काही चालले नाही. १८१२ मध्ये पॅरिसमध्ये गालेस याने माइट सापडल्याचे जाहीर करून नाव मिळविले. परंतु त्याने दाखविलेली माइट चीजवर वाढणारी होती, असे पुढे उघड झाले आणि मूळ सिद्धान्तच संशयास्पद ठरला. अखेर १८३४ मध्ये कॉर्सिका बेटावरील रेनुची या विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईच्या टोकाने बिळातून माइट काढून दाखविली. ही युक्ती त्याने आपल्या बेटावरील गरीब स्त्रियांना करताना पाहिली होती. विद्वानांनी दीडशे वर्षे ज्याविषयी वाद घातला, ते त्या बायका घरच्या सुईने करीत होत्या.

घर महत्त्वाचे की माणसे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये सैनिक आणि नागरिक यांच्यात खरूज फार पसरली होती. ब्लँकेटे व कपडे यांच्या निर्जंतुकीकरणावर मोठा खर्च होत होता. १९४१ पासून शेफील्ड येथे केनेथ मेलॅनबी यांनी युद्धात लढण्यास तत्त्वतः नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले अंतर्वस्त्र व पांघरूण या स्वयंसेवकांना दिले गेले. अपेक्षेच्या विरुद्ध, फार थोड्यांनाच लागण झाली. रुग्णाशेजारी अंगाला अंग लागून झोपलेल्यांना मात्र ती झाली. रुग्णाच्या अंगावर प्रौढ मादींची संख्या सरासरी दहा-बाराच असते, हेही त्यांच्या मोजणीतून दिसले. शरीराबाहेर माइट सामान्यतः दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही. हस्तांदोलनाच्या क्षणिक स्पर्शाने सहसा लागण होत नाही. ती त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहिल्याने होते.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष केवळ ऐतिहासिक नाही. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येणाऱ्या गावांत पिण्यालायक पाणीच दुर्मीळ आहे, आणि उन्हाळ्यात जिल्ह्यातील अनेक गावे टँकरची वाट पाहतात. अशा घराला सर्व कपडे व गोधड्या उकळत्या पाण्यात धुण्याचा सल्ला देणे म्हणजे उपचार अशक्य करून ठेवणेच होय. मागील तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी व टॉवेल तेवढे गरम पाण्यात धुऊन वाळविले तरी चालते. जे धुता येत नाही, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. भिंती धुणे, घरात कीटकनाशक फवारणे किंवा गादी जाळणे यांची आवश्यकता नाही. ज्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे, त्याच्या परिक्षेत्रात स्वच्छतेचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. परंतु खरूज ही अस्वच्छतेची शिक्षा नव्हे, हे मात्र सांगावे लागते. दररोज आंघोळ करणाऱ्यालाही ती होते, आणि 'घाणेरडेपणाचा रोग' या समजुतीमुळेच ती लपविली जाते. नव्याने घरात आलेली सून किंवा वसतिगृहातील विद्यार्थिनी खाज सांगत नाही, आणि त्या मौनाचा लाभ माइटला होतो.

उपचाराचे एकक व्यक्ती नसून एका छताखाली झोपणारी सर्व माणसे आहेत. खाज असो वा नसो, सर्वांनी एकाच रात्री औषध लावावयाचे असते. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली व बेचक्यांतही लावून आठ ते चौदा तासांनी धुतात. तान्ह्या बालकांत डोके व चेहराही, डोळे व तोंड वगळून, त्यात येतात. मात्र दोन महिन्यांखालील बालकांस वैद्यकीय सल्ल्याविना ते लावू नये. मध्येच हात धुतल्यास हातांना पुन्हा मलम लावावे लागते. आठ-दहा दिवसांनी हाच विधी दुसऱ्यांदा करावा. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार डॉक्टर ठरवितात. पंधरा किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाची मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या सामान्यतः दिल्या जात नाहीत.

परमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड कुळातील आहे, आणि कापसावर फवारली जाणारी काही औषधेही त्याच कुळातील आहेत. हे साम्य घातक ठरू शकते. फवारणीचे औषध पाण्यात मिसळून अंगाला लावण्याचा मोह कोणालाही होता कामा नये. त्यातील द्रावके व तीव्रता माणसाच्या त्वचेसाठी नसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते केवळ अंगावर उडालेल्या व श्वासावाटे गेलेल्या औषधाने. दुसरा धोका औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांचा आहे. त्यांनी खाज थांबते, पुरळ फिकट होते आणि माइट निर्वेधपणे वाढते. रोगाचे रूप इतके बदलते की पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते.

अर्थात घरातील प्रत्येक माइट खरजेची नसते. कोंबड्यांच्या खुराड्यातील किंवा कबुतरांच्या घरट्यातील माइट रात्री माणसाला चावते. साठवलेल्या धान्यात व कडब्यात किडींवर जगणारी माइट ते हाताळणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठविते. धुळीतील माइट चावत नाही, पण तिच्या विष्ठेने दमा व सर्दी बळावते. या तिन्ही माणसाच्या त्वचेत वस्ती करीत नाहीत. म्हणून तेथे उपचाराची जागा नेमकी उलट, म्हणजे खुराडे, कणगी आणि गादी ही असते. निदान आधी का करावे, याचे उत्तर यातच आहे.

प्रश्न पुरवठ्याचा

खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जिवाणू शिरले की मुलांत मूत्रपिंडाचा दाह उद्भवू शकतो. खरूज किरकोळ मानू नये, ती यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. फिजी बेटांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संपूर्ण वस्तीला एकाच वेळी आयव्हरमेक्टिन दिल्यानंतर वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. केवळ रुग्ण व त्यांच्या संपर्कातील व्यक्तींना नेहमीप्रमाणे उपचार दिलेल्या गटात ते ३६.६ वरून १८.८ टक्क्यांपर्यंतच उतरले.

भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत परमेथ्रिन व आयव्हरमेक्टिन दोन्ही आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत खरूज समाविष्ट आहे. परंतु तपासणी होते ती शाळेत किंवा अंगणवाडीत, आणि तेथे समोर असते ते एकटे मूल. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत कुटुंबातील काही माणसे कामासाठी बाहेरगावी असतील, तर 'सर्वांनी एकाच रात्री' ही अट कागदावरच राहते. ते परत येतात त्या दिवशी चक्र पुन्हा सुरू होते. आश्रमशाळेच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलाचेही तेच. त्याच्यावर उपचार करावयाचा तर वसतिगृहातील खोलीसोबत्यांचा आणि गावच्या घराचा विचार एकत्रच करावा लागतो.

शिवाय हिशेब साधा आहे. एका प्रौढाच्या संपूर्ण अंगाला एकदा लावण्यास सुमारे ३० ग्रॅम मलम लागते. चार प्रौढ व दोन लहान मुले असलेल्या घराला, दोन वेळांच्या लेपनासाठी, ३० ग्रॅमच्या किमान नऊ-दहा नळ्या हव्यात. चिठ्ठीवर बहुधा एकच लिहिलेली असते.