*घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल बघा*



ओतूर, जुन्नरकडचे आपण बरेच जण जुन्या पिकअपमध्ये माल भरून माळशेज घाटाने कल्याणला जातो. आपल्या वाट्याला अवघड बाजू येते: भरल्या गाडीनं उतरायचं आणि रिकाम्या गाडीनं चढायचं. म्हणून आज ब्रेक ऑइलबद्दल.

*डबी भरलेली आहे म्हणजे ऑइल चांगलं आहे, असं नाही.* ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ब्रेकवर सतत पाय राहिला की ड्रम तापतात, ऑइल उकळतं, पाइपात वाफ धरते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाली की पॅडल परत ठीक लागतं आणि आपण ते विसरून जातो. तसं करू नका, तो इशारा आहे.

*कोणतं ऑइल घ्यायचं?*
▪️ डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तेच घ्या.
▪️ डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ४ च्या गाडीत डॉट ३ नको.
▪️ डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते यात मिसळू नका.
▪️ इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल थेंबभरही नको. रबरी वायसर फुगतात आणि ब्रेक जातो.
▪️ सीलबंद बाटलीच घ्या. मागच्या वर्षी उघडलेली, शेडमध्ये पडलेली बाटली वापरू नका.

*काय करायचं?*
▪️ दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. काळपट झालं असेल तर आधीच.
▪️ पातळी हळूहळू उतरली तर लायनर झिजलेत. झपाट्याने उतरली तर गळती आहे. चाकांच्या आतली बाजू ओली आहे का बघा. नुसतं ऑइल ओतत राहू नका.
▪️ बदलताना चारही चाकांची एअर काढायला सांगा. बहुतेक जुन्या गाड्यांत मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात.
▪️ ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. ते विषारी आहे, मुलांपासून लांब ठेवा.

*ट्रॅक्टरवाल्यांनो,* ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर ते गिअरबॉक्सच्या ऑइलवर चालतात. त्यात ब्रेक ऑइल टाकू नका. पुस्तक बघा.

*घाटात पॅडल खाली गेलं तर* इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका. पॅडल भराभर मारा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. मुळात उतरायला लागतानाच खालच्या गिअरमध्ये राहा.

आज गाडीचं बॉनेट उघडून एकदा डबी बघा. शेवटचं ऑइल कधी बदललं हे आठवत नसेल, तर पुढचा माल भरण्याआधी गाडी मिस्त्रीकडे न्या. एका बाटलीचा खर्च गाडीभर मालापुढे काहीच नाही, आणि गाडीत आपली माणसं बसलेली असतात.

हा मेसेज आपल्या ड्रायव्हरलाही पाठवा. 🙏