टोपीवरचा बिल्ला

प्रतापगड म्हटलं की साताऱ्याकडचा किल्ला आणि १६५९ साल आठवतं. पण गोंदिया जिल्ह्यातही, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एक प्रतापगड आहे आणि महाशिवरात्रीला तिथं यात्रा भरते. नाव एकच म्हणून एकाचा इतिहास दुसऱ्याला लावता येत नाही. सैनिकाचा छोटा अर्धपुतळा रंगवताना मात्र अशी गल्लत सहज होते. रेझिनचा, तळहातावर मावणारा ‘भारतीय शिपाई’ विकत आणायचा, खाकी रंग द्यायचा आणि त्याला पणजोबा म्हणायचं. विदर्भात कितीतरी घरांतली माणसं फौजेत गेली. त्यांची आठवण अशी घडवावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण पुतळा पणजोबांचा व्हायचा असेल, तर आधी त्यांची पलटण आणि साल पक्कं करावं लागतं. रंगाची डबी त्यानंतर उघडायची.

महार रेजिमेंटचंच पाहा. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगनही आल्या, आणि पुढे स्तंभाची जागा खंजिराने घेतली. म्हणजे १९४३ च्या शिपायाच्या टोपीवर खंजीर रंगवला, तर त्याच्या पिढीनं अभिमानानं मिरवलेली १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची आठवणच आपण पुसून टाकतो. छातीवरच्या फितींचंही तसंच. ब्रह्मदेशातल्या मोहिमेच्या ‘बर्मा स्टार’ची फीत गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन बाजूंना नारिंगी रेघा; इटलीतल्या मोहिमेच्या फितीत लाल, पांढरा आणि हिरवा. मूळ फीत सुमारे ३२ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे एक-दशांश मापाच्या पुतळ्यावर जेमतेम तीन. तेवढ्या जागेत माणूस कुठल्या आघाडीवर लढला हे लिहिलेलं असतं. पहिल्या महायुद्धातली पदकं घरात असतील तर त्यांची कड भिंगाखाली धरावी. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बहुधा तिथंच कोरलेली सापडते.

इतक्या बारीक गोष्टी पाहतो कोण, असं कुणी म्हणेल. पाहणारे थोडे असतील, पण हा पुतळा घरच्यांसाठी आहे आणि घरच्या माणसाबद्दल ढोबळ असून चालत नाही. याहून गंभीर आक्षेप असा, की तो गणवेश परक्या सरकारचा होता, त्याचा गौरव कशाला? हा प्रश्न टाळू नये. मात्र याच सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली होती. निवृत्त महार सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. ज्यांना गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तो गणवेश शिक्षणाची, पगाराची आणि ताठ मानेची वाट होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, एवढं आठवलं तरी पुरे. साम्राज्याचं काय करायचं ते इतिहासानं ठरवावं; ती खाकी अंगावर घालायला त्या माणसाला किती झगडावं लागलं, ते नातवंडांनी विसरू नये.

चेहऱ्याचा आक्षेप मला खरा वाटतो. साच्यातला चेहरा पणजोबांचा नसतोच, आणि जुना फोटो असला तरी तो कृष्णधवल. इथं निदान वर्ण तरी उसना नसावा. अनेक रंगसंचांतला ‘त्वचेचा रंग’ गोऱ्या कातडीसाठी बनवलेला असतो, आणि तो काळा मिसळून गडद केला तर चेहरा राखेसारखा दिसतो. त्याऐवजी प्राइमरवर तांबूस तपकिरीचा पाया घ्यावा, उजेडाच्या जागी पिवळ्या मातीच्या छटेचे पातळ थर चढवावेत, सावलीत किंचित जांभळट तपकिरी उतरवावी. मग उन्हात रापलेली त्वचा जिवंत वाटू लागते. खाकीही डबीतून काढली तशी एकसारखी लावू नये, कारण खांदे आधी विटतात आणि शिवणी गडद राहतात. आणि चेहरा त्यांचा नाही हे ठाऊक असताना बैठकीच्या पट्टीवर पणजोबांचं नाव घालणं मला पटत नाही. तिथं पलटण आणि साल लिहावं, आणि त्यांचा फोटो शेजारी ठेवावा.